शाळा सुटली तरी

‘पोरांची भांडणं, उद्या विसरतील,’ म्हणत आपण शाळेतल्या छळाकडे काणाडोळा करतो. ब्रिटनमधलं एक दीर्घ संशोधन मात्र वेगळंच सांगतं. मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात तिथे जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे अनेक दशकं घेतला गेला. मूल ७ आणि ११ वर्षांचं असताना ‘इतर मुलं त्याला छळतात का?’ असं पालकांना विचारलं होतं. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये पंचेचाळिशीत नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार जास्त आढळले. पन्नाशीत आर्थिक ओढाताण जास्त आणि माणसांचा आधार कमी. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक जमेस धरूनही हा फरक उरलाच.

प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. पण सतत धास्तीत वाढलेलं मूल माणसांवर विश्वास टाकायला कचरतं. मोठेपणीही कुणी सहज हसलं, तरी ‘मलाच हसले’ असं वाटून ते आक्रसतं.

म्हणून मूल सांगू लागलं, की ‘तूही दे ठेवून’ म्हणण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या. जखम जुनी असली तरी समुपदेशनाने भरू शकते. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं.