डॅशबोर्डचा दिवा लागते अन् विझते, तेव्हा काय पाहायचं?



कापूस वेचणी सुरू झाली की घरची कार असो, पिकअप असो, सगळ्यांच्याच मागे काम लागते. याच दिवसांत हमखास एक तक्रार येते: "दिवा मधातच लागते अन् आपोआप विझते. मेकॅनिककडे नेलं की काहीच दिसत नाही."

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या. बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवू नका. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा राहतो. त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, हेही सोबत नोंदलेलं असू शकते. टर्मिनल काढलं की अनेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते. मग मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलतो आणि पैसे आपले जातात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत, स्टेअरिंगखाली स्कॅनर लावायची जागा असते. आधी स्कॅनर लावायला सांगा, मग बाकीचं.

दिवा कधी लागतो ते लिहून ठेवा. खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल तर कुठेतरी वायर किंवा कनेक्टर ढिला असण्याची शक्यता जास्त. पाऊस पडल्यावर, गाडी धुतल्यावर लागत असेल तर ओल. शेजारी बसलेल्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. चालवणाऱ्याने काढू नये.

एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग असे तीन-चार दिवे एकदम लुकलुकले तर घाबरू नका, सगळे पार्ट एकाच दिवशी जात नाहीत. आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर पाहा: ढिली आहे का, पांढरा-हिरवा थर चढला का. मल्टिमीटरवर रात्रभर बंद असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. चालू गाडीत आकडा १३ च्या खाली राहत असेल तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा.

आपल्याकडचं आणखी एक कारण म्हणजे उंदीर. कापसाच्या गंजीजवळ किंवा धानाच्या पोत्यांशेजारी गाडी आठ दिवस उभी राहिली की बोनेटखाली घर होते. टॉर्च लावून पाहा. लेंड्या, कोंडा, कुरतडलेली वायर दिसली तर नुसती टेप गुंडाळून सोडू नका, जोड नीट करून घ्या.

लाल दिव्यांत मात्र थांबायचंच. ऑइलचा दिवा वळणावर, ब्रेक मारताना किंवा गरम गाडी उभी असताना क्षणभर जरी लागला तरी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सपाट जागी काही मिनिटांनी पट्टी काढून ऑइल पाहा. कमी असेल तर भरा. लेव्हल बरोबर असूनही दिवा लागत असेल तर गाडी ओढून न्या. सेन्सर खराब असेलही, पण प्रेशर मोजल्याशिवाय ते कळत नाही, आणि इंजिन जाम झालं तर त्या सीझनची कमाई त्यातच जाते.

हँडब्रेक पूर्ण सोडूनही ब्रेकचा दिवा वळणावर किंवा उतारावर लागतो? ब्रेक ऑइल खाली गेलंय. पॅड झिजले असतील किंवा गळती असेल. वरून ऑइल भरून काम भागत नाही.

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर हळू चालवत मेकॅनिककडे न्या. लुकलुकत असेल तर वेग लगेच कमी करा, मिसफायर होतंय. अशा वेळी सायलेन्सरच्या बाजूचा भाग खूप तापतो, वाळल्या गवतावर किंवा फणकटावर गाडी उभी करू नका.

ताडोबाच्या बफरमधल्या रस्त्यावर रात्री लाल दिवा लागला तर इंजिन बंद, काचा वर, पार्किंग लाइट चालू आणि फोन. बोनेट उघडायला खाली उतरू नका, दुसरी गाडी येऊ द्या.

आणि जुनी पिकअप घेणाऱ्यांसाठी: किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, ऑइल आणि बॅटरीचे दिवे लागलेच पाहिजेत. लागलेच नाहीत तर बल्ब गेला असेल किंवा विकणाऱ्याने तो काढून ठेवला असेल. तिथेच विचारा, बयाणा देण्याआधी.