अपुऱ्या दिवसांचे मूल
पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे अपक्व असू शकतात. वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध स्राव कमी पडतो, श्वास लागतो आणि प्राणवायूच्या तुटवड्याची झळ वाढत्या मेंदूलाही बसू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातील, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक पुऱ्या वजनाच्या मुलांहून कमी भरला; दिवस अपुरे आणि वाढही खुंटलेली, अशांचा सर्वांत कमी. बाराव्या वर्षी गणित अडू लागले. भीमाशंकरच्या डोंगरातील वाडीवर जन्मलेल्या अशा बाळाची नोंद शाळेपर्यंत पोहोचतेच असे नाही. पोहोचतो तो बहुधा ‘ढ’ हा एकाक्षरी शिक्का.