लेपर्ड गेकोचे निवडक प्रजनन

लेपर्ड गेकोचे निवडक प्रजनन म्हणजे पाळीव लेपर्ड गेको या पालीमध्ये विशिष्ट रंग, नक्षी किंवा डोळ्यांचे स्वरूप पिढ्यान्‌पिढ्या टिकावे यासाठी ठरावीक नर-माद्यांचा संकर घडवून आणणे होय. या पद्धतीने तयार झालेल्या रंगप्रकारांना पालक व विक्रेते ‘मॉर्फ’ म्हणतात. मॉर्फ ही वेगळी प्रजाती किंवा उपप्रजाती नसते. सर्व मॉर्फ एकाच प्रजातीचे असून त्यांचा आपापसांत संकर होऊ शकतो.

मूळ प्रजाती

लेपर्ड गेकोचे शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस असे आहे. एडवर्ड ब्लाइथ यांनी 1854 मध्ये या प्रजातीचे वर्णन केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ, कोरड्या प्रदेशांत ती आढळते. घरातील पालींपेक्षा ती दोन बाबतींत वेगळी आहे: तिला हलणाऱ्या पापण्या असतात आणि तिच्या बोटांवर भिंतीला चिकटणाऱ्या गाद्या नसतात. तिच्या जाड शेपटीत चरबी साठवलेली असते. पिल्लांच्या अंगावर काळे व पिवळे आडवे पट्टे असतात. वय वाढते तसे ते विरून बिबट्यासारखे ठिपके दिसू लागतात. याच वंशातील युब्लेफॅरिस फस्कस आणि 2014 मध्ये वर्णन केलेली युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस या प्रजाती महाराष्ट्रातही आढळतात. मात्र पाळीव मॉर्फ प्रामुख्याने मॅक्युलॅरियस या प्रजातीपासून तयार झाले आहेत.

रंग कसा तयार होतो

या पालीच्या त्वचेचा रंग तीन प्रकारच्या पेशींवर अवलंबून असतो. मेलॅनोफोर पेशींतील मेलॅनिनमुळे काळा व तपकिरी रंग येतो. झँथोफोर पेशींमुळे पिवळा व नारिंगी रंग येतो. इरिडोफोर पेशींमध्ये प्रकाश परावर्तित करणारे स्फटिक असतात आणि त्यांमुळे पांढरी झाक दिसते. या पेशींची संख्या, मांडणी किंवा कार्य बदलले की नवा रंगप्रकार दिसतो.

अंडी उबवण्याच्या तापमानाचाही रंगावर परिणाम होतो. कमी तापमानात उबवलेली पिल्ले सहसा अधिक गडद असतात. या प्रजातीत पिल्लाचे लिंगही तापमानावर ठरते: सुमारे 26 अंश सेल्सियसला जवळजवळ सर्व माद्या, सुमारे 32.5 अंशांना बहुतांश नर, तर त्याहून अधिक तापमानाला पुन्हा प्रामुख्याने माद्या जन्मतात. त्यामुळे पिल्लू उजळ दिसले म्हणजे तो गुण आनुवंशिकच असेल असे नाही.

आनुवंशिकतेचे प्रकार

*अप्रभावी गुण:* हा गुण दिसण्यासाठी बदललेले जनुक आई व वडील दोघांकडूनही मिळावे लागते. 1990च्या दशकात पुढे आलेले ट्रेंपर, बेल आणि रेनवॉटर हे तीन अल्बिनो प्रकार या गटातील आहेत. ते दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या जनुकांतील बदलांमुळे झालेले आहेत. म्हणून शुद्ध ट्रेंपर आणि शुद्ध बेल अल्बिनो यांच्या संकरातून अल्बिनो पिल्ले न होता सामान्य रंगाची पिल्ले होतात. ती दोन्ही जनुके सुप्त रूपात वाहतात. नक्षी नसलेले मर्फी पॅटर्नलेस व ब्लिझर्ड हे प्रकारही अप्रभावी आहेत.

*अपूर्ण प्रभावी गुण:* मॅक स्नो प्रकारात बदललेल्या जनुकाची एक प्रत असल्यास पिवळा रंग फिकट होतो, तर दोन प्रती असल्यास पांढरट अंगाचा व पूर्ण काळ्या डोळ्यांचा ‘सुपर स्नो’ जन्मतो. दोन मॅक स्नोंच्या संकरातून सरासरी 25 टक्के सामान्य, 50 टक्के मॅक स्नो आणि 25 टक्के सुपर स्नो पिल्ले अपेक्षित असतात.

*बहुजनुकीय गुण:* टँजेरीन प्रकाराचा गडद नारिंगी रंग एका जनुकाचा नसतो. दर पिढीतील सर्वांत नारिंगी पिल्ले निवडत गेल्यानेच तो वाढत जातो.

प्रजननाची पद्धत

लेपर्ड गेको सुमारे एका वर्षात प्रजननक्षम होतात. मादी एका वेळी साधारणपणे दोन अंडी घालते आणि एका हंगामात असे अनेकदा घडते. मादी शुक्राणू साठवून ठेवू शकत असल्याने, एकाच हंगामात नर बदलल्यास पिल्लांचे पितृत्व अनिश्चित ठरते. यासाठी काटेकोर नोंदी ठेवल्या जातात. सुप्त जनुक उघड करण्यासाठी पिल्लाचा संकर आई किंवा वडिलांशी केला जातो. मात्र अशा निकट संकरामुळे इतर हानिकारक अप्रभावी जनुकेही एकत्र येण्याची शक्यता वाढते.

आरोग्याचे प्रश्न

रंग ठरवणारे जनुक अनेकदा शरीरात इतर कामेही करते. त्यामुळे रंगासाठी केलेली निवड नकळत रोगाचीही निवड ठरू शकते.

एनिग्मा हा प्रभावी प्रकार याचे परिचित उदाहरण आहे. त्यातील अनेक प्राण्यांमध्ये डोके एका बाजूला कलणे, गोलगोल फिरणे आणि भक्ष्यावरचा नेम चुकणे अशी लक्षणे दिसतात. लक्षणांची तीव्रता प्राण्यागणिक बदलते, पण सौम्य लक्षणे असलेल्या प्राण्याचे पिल्लू तीव्र बाधित असू शकते.

लेमन फ्रॉस्ट या प्रकाराचा अभ्यास अधिक सखोल झाला आहे. त्याचा उजळ पांढरा-पिवळा रंग इरिडोफोर पेशींच्या अतिरिक्त वाढीमुळे येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस येथील संशोधकांचा सहभाग असलेला यावरील शोधनिबंध 2021 मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार या प्रकारातील 80 टक्क्यांहून अधिक प्राण्यांना वयाच्या सहा महिने ते पाच वर्षांदरम्यान याच पेशींच्या पांढऱ्या गाठी झाल्या. हा गुण ‘स्पिंट1’ या जनुकाशी निगडित असल्याचे आढळले; हे जनुक इतर प्राण्यांत गाठींची वाढ रोखण्याशी संबंधित आहे. म्हणजे ज्या बदलामुळे रंग आकर्षक होतो, त्याच बदलामुळे आजार होतो. त्यामुळे निरोगी लेमन फ्रॉस्ट निवडून हा धोका वंशातून दूर करता येईल असे मानता येत नाही. शिवाय गाठी दिसण्यापूर्वीच प्राणी प्रजननक्षम होऊ शकत असल्याने जनुक पुढच्या पिढीत गेलेले असते.

या कारणांमुळे अनेक प्रजननकर्त्यांनी एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट यांचे प्रजनन थांबवले आहे. पाळीव लेपर्ड गेको 15 ते 20 वर्षे जगू शकतो. त्यामुळे रंगासोबत आलेल्या विकाराचा त्रासही त्याला अनेक वर्षे भोगावा लागू शकतो.