कारखान्याचे समाजमंदिर

ब्राझील देशातील साओ पावलो या शहरात पाँपेया नावाची वस्ती आहे. तेथे पिंपे तयार करण्याचा एक जुना कारखाना बंद पडला होता. त्या जागी समाजमंदिर उभारण्याचे काम १९७७ साली लीना बो बार्दी या वास्तुशिल्पकार महिलेकडे आले. जुनी वास्तू पाडून नवी बांधणे सोपे होते. परंतु एका सुटीच्या दिवशी बाईंनी तेथे निराळेच दृश्य पाहिले. मुले रिकाम्या दालनांतून धावत होती; गळक्या छपरांखाली तरुण चेंडू खेळत होते. यंत्रे थांबली होती, पण लोकांनी ती जागा आपलीशी केली होती. तो आनंद मोडू नये, म्हणून बाईंनी कारखाना राखला.

त्यांनी भिंतींचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या. दालनांत ग्रंथालय, नाट्यगृह, कार्यशाळा व भोजनगृह यांची सोय केली. एका प्रशस्त दालनात फरशीतून पाण्याचा नागमोडी प्रवाह खेळविला व जवळच शेकोटी ठेवली. हा भाग १९८२ साली खुला झाला.

क्रीडागृहासाठी मागे जागा होती. पण तिच्याखालून नाला वाहत असल्याने मधल्या पट्ट्यात बांधकाम करता येईना. तेव्हा दोन बाजूंना काँक्रीटच्या दोन उंच इमारती उभारण्यात आल्या. एकीत खेळण्याच्या जागा व पोहण्याचा तलाव, तर दुसरीत जिने व कपडे बदलण्याच्या खोल्या आहेत. दोहोंना अधांतरी पूल जोडतात. १९८६ साली हे काम पुरे झाले. जी अडचण होती, तीच वास्तूची शोभा ठरली.

वास्तू उत्तम होण्यासाठी आधी तेथील माणसांकडे पाहावे लागते, हेच या समाजमंदिराने दाखविले.