परदेशी मालक, इथला कर

कारखान्यात मस्टरवर नाव चढले की फंड असो वा प्राप्तिकर, कापण्याचे काम मालकाकडे. आता आमच्या युनियनच्या कचेरीत असे तरुण येतात, की ज्यांचा मालक अमेरिकेत आणि टेबल घरच्या माळ्यावर. त्यांचा प्रश्न ठरलेला: पैसा बाहेरून येतो, मग इथे कर कशाला?

श्रोतेहो, पगार कोठून आला हे कायदा पाहात नाही. काम कोठे झाले ते पाहतो. भारतात बसून केलेल्या नोकरीचा पगार हे भारतातलेच उत्पन्न. शिवाय वर्षात 182 दिवस येथे राहिलेला मनुष्य निवासी ठरतो.

खरी अडचण निराळी. इथे कचेरी नसलेला परकी मालक सहसा कर कापीत नाही. तो आपणच आगाऊ भरायचा. वर्षाचा कर 10,000 रुपये वा अधिक होत असेल, तर 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सारा. चुकल्यास दरमहा एक टक्का व्याज. डॉलरचा भावही मनाचा चालत नाही. पगार देय झाला त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीचा स्टेट बँकेचा खरेदीदर धरावा लागतो.

आणि करारपत्र वाचा. त्यात 'नोकर' आहे की 'स्वतंत्र कंत्राटदार'? कंत्राटदाराला धंद्याचा खर्च वजा मागता येतो, पण प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. (मालकांची ही युक्ती आम्हांस जुनी ओळखीची!) आमच्याकडे आलेल्या एका पोराने तो कागद दोन वर्षांनी प्रथम उघडला. तोवर व्याजही चढले होते.