मोटारसायकलचा अडकलेला चोक

मोटारसायकल सुरू करतांना चोक ओढावा व इंजिन तापलें कीं तो परत लोटावा, एवढें ज्ञान बहुतेक चालकांस असतें. परंतु लोटलेला चोक खरोखरच आपल्या जागीं गेला कीं नाहीं, हें पाहण्याची तसदी फार थोडे घेतात. मग केव्हां तरी असें होतें कीं, मूठ पूर्ण सोडलेली असतांही चौकांत उभी असलेली गाडी भरधांव चालल्यासारखी घुरघुरत राहते, आणि गिअर घालतांच हिसका देऊन पुढें सरकूं पाहते. गॅरेजमधील कारागीर ह्यालाच ‘रेस वाढली’ म्हणतात. अशा वेळीं पुष्कळ लोक कार्ब्युरेटरवरील आयडलिंगचा स्क्रू पिळतात. फेरे तात्पुरते उतरतात. पण पुढें केव्हां तरी चोक आपोआप सुटला कीं तीच गाडी उभ्या उभ्या बंद पडूं लागते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार होय.

चोक कशासाठीं असतो, हें ध्यानांत आलें म्हणजे दोष शोधणें सोपें जातें. पेट्रोल जळतें तें त्याची वाफ हवेंत मिसळल्यावर. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंजिन थंड असलें म्हणजे पुरेशी वाफ होत नाहीं. पेट्रोलाचे थेंब नळीच्या थंड भिंतींस चिकटून राहतात व सिलिंडरांत जाणाऱ्या मिश्रणांत पेट्रोल उणें पडतें. ही तूट चोक भरून काढतो. ‘चोक’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थच गळा आवळणें. कांहीं गाड्यांत कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं असलेली झडप फिरवून हवेची वाट अरुंद करितात, म्हणून हें नांव. दुसऱ्या कांहीं गाड्यांत हवा अडविली जात नाहीं. एक लहानसा दट्ट्या केबलनें वर उचलला जातो व जादा पेट्रोल आणि थोडी हवा ह्यांस निराळी वाट मिळते. ही वाट थ्रॉटलला वळसा घालून जात असल्यामुळें ती उघडी असेपर्यंत मूठ सोडूनही फेरे उतरत नाहींत.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे धुराविषयींचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या योजनेनें घेतली. तथापि त्यापूर्वींच्या असंख्य गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत, आणि वय वाढेल तसा हा दोष त्यांत अधिक आढळतो. पावसाचें पाणी केबलच्या वेष्टणांत शिरून आंतील तार गंजते. धुळीनें व सुकलेल्या पेट्रोलाच्या चिकट थरानें दट्ट्या अडखळतो. त्यास खालीं ढकलणारी स्प्रिंग दुबळी होते. दांड्यावरील खटका परत गेलेला दिसतो, पण आंतील दट्ट्या अर्ध्यावरच लटकलेला असतो.

तपासणी क्रमानें करावी. इंजिन बंद करून थंड होऊं द्यावें, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि जवळपास विडी, दिवा वा ठिणगी असूं नये. प्रथम खटका मागें-पुढें करून पाहावा. तो जड चालत असेल, किंवा परत गेल्यावर केबलमध्यें किंचितही ढील उरत नसेल, तर दोष तेथेंच आहे. नंतर दट्ट्याचा नट सावकाश सोडवून दट्ट्या बाहेर काढावा. हा नट पुष्कळदां प्लास्टिकचा असतो व जोर केल्यास फुटतो. दट्ट्या पुसून स्वच्छ करावा, त्याच्या टोकाचें रबर झिजलें आहे काय तें पाहावें, आणि केबलच्या वरच्या टोकांतून पातळ तेलाचे थेंब उतरूं द्यावे. तारेचे धागे तुटले असतील तर तेलानें भागणार नाहीं. नवी केबलच घालावी.

चोक निर्दोष निघाला तर मुठीची केबल तपासावी. मूठ फिरवितांना आरंभीं सामान्यतः २ ते ६ मिलिमीटर ढील असावी लागते. गाडी न्यूट्रलमध्यें चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवावें. त्यासरशी फेरे वाढले तर केबल ताणली जात आहे, असें समजावें. तिसरें कारण म्हणजे कार्ब्युरेटर व इंजिन ह्यांमधील रबरी जोडाला गेलेली चीर. तींतून फुकट हवा आंत ओढली जाते. निवाडा प्लगवरून होतो: प्लग काजळीनें काळा असेल तर पेट्रोल जास्त, म्हणून संशय चोकावर, पांढुरका असेल तर हवा जास्त, म्हणून संशय ह्या चिरेवर, विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. हें सर्व झाल्यावरच, आणि इंजिन तापलेलें असतांनाच, आयडलिंगच्या स्क्रूला हात लावावा. बहुतेक लहान एकसिलिंडरी गाड्यांस मिनिटास १२०० ते १५०० फेरे पुरतात. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तिकेंत असतो.

ह्या दोषाकडे दुर्लक्ष केल्यास केवळ पेट्रोलाचा खर्चच वाढतो असें नाहीं. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकतें व खालच्या तेलांत मिसळून तें पातळ करितें; मग पिस्टन व रिंगा झिजूं लागतात. अर्धवट जळलेल्या पेट्रोलापासून कार्बन मोनॉक्साइड अधिक निघतो. ह्या विषारी वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. म्हणून बंद गॅरेजांत किंवा जिन्याखालीं गाडी चालू ठेवून तपासणी कधींही करूं नये. आणि मागें मूल बसलेलें असतां गर्दींत पुढें झेप घेणारी गाडी किती भयंकर ठरेल, हें सांगावयास नको. मूठ सोडली कीं गाडीनें शांत झालेंच पाहिजे. तसें होत नसेल तर कारण सांपडेपर्यंत ती रस्त्यावर न आणणें हेंच शहाणपणाचें.