आज्ञावलीकारांची साधने : निवड कशी करावी?

सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज ही कामे आता संगणकावर होतात. त्यामागील आज्ञावल्या सहसा एकटादुकटा मनुष्य लिहीत नाही. पाचदहा जणांचा चमू त्या लिहितो. चमूतील माणसे बदलतात, आज्ञावली मात्र वर्षानुवर्षे चालू राहावी लागते. नियम बदलतो, शुल्क बदलते, अर्जात नवा रकाना वाढतो; त्या त्या वेळी ती उघडून दुरुस्त करावी लागते. यास्तव चमू कोणत्या साधनाने काम करतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या आवडीचा राहत नाही. काम सोपविणाऱ्या कार्यालयाशीही त्याचा निकटचा संबंध येतो.

साधन म्हणजे काय?

आज्ञावली लिहिणे, ती यंत्राला कळेल अशा रूपात आणणे आणि तिच्यातील चुका शोधणे ही तीन निरनिराळी कामे होत. पूर्वी त्यांसाठी बहुधा स्वतंत्र साधने वापरली जात. १९८३ साली बोर्लंड कंपनीचे टर्बो पास्कल बाजारात आले आणि लेखन व रूपांतर एकाच पडद्यावर करण्याची पद्धत लोकप्रिय झाली. अशा एकत्रित साधनसंचाला पुढे ‘आयडीई’ हे नाव रूढ झाले. एक्लिप्स, इंटेलिजे आयडिया व व्हिज्युअल स्टुडिओ हे या प्रकारचे मोठे संच होत. दुसऱ्या टोकाला विमसारखी हलकी लेखनसाधने आहेत. २०१५ साली पुढे आलेले व्हिज्युअल स्टुडिओ कोड या दोहोंच्या मधले आहे. त्याला हव्या तेवढ्या जोडण्या जोडता येतात.

एक बोलके उदाहरण

मोबाइलवरील अँड्रॉइड आज्ञावल्या प्रारंभी प्रामुख्याने एक्लिप्समध्ये लिहिल्या जात. मे २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ हे नवे साधन जाहीर केले व डिसेंबर २०१४ मध्ये त्याची पहिली स्थिर आवृत्ती दिली. एक्लिप्ससाठीच्या जोडणीचा आधार २०१५ च्या अखेरीस थांबेल, असेही पुढे घोषित झाले. जुने काम नव्या साधनात आणण्याची सोय होती. तथापि आज्ञावलीची बांधणी करण्याची पद्धतच बदलली होती. कोणती ग्रंथालये जोडावयाची, कोणत्या क्रमाने बांधणी करावयाची, हे ज्यांनी केवळ साधनाच्या खिडक्यांत कळा दाबून ठरविले होते, त्यांना ते पुन्हा जुळवावे लागले. ज्यांनी हे सर्व साध्या मजकुराच्या फायलीत लिहून ठेवले होते, त्यांची वाट त्या मानाने सुकर होती.

एटम या लेखनसाधनाची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये निघाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ते बंद करण्यात आले. शासकीय कामाची आज्ञावली याहून अधिक काळ टिकावी लागते. साधन जाईल, काम राहील, हे गृहीत धरूनच निवड करणे शहाणपणाचे ठरते.

निवडीचे निकष

पहिला निकष कामाचा. आयफोनसाठी लिहावयाचे असल्यास अॅपलचे एक्सकोड व मॅक संगणक यांना व्यवहारात फारसा पर्याय नाही. इतरत्र निवडीला पुष्कळ वाव आहे. दुसरा निकष यंत्रांचा. मोठे संच स्मृती भरपूर खातात. जुन्या संगणकांवर ते रखडत चालतात. तिसरा परवान्याचा. ‘विनामूल्य’ या शब्दावर न थांबता अटी वाचाव्यात, कारण व्यक्तीला विनामूल्य असलेले साधन मोठ्या संस्थेला विनामूल्य असेलच असे नाही. चौथा निकष माणसांचा. दहा वर्षे एका साधनावर हात बसलेल्याला दुसरे घेण्यास भाग पाडल्यास काही काळ कामाची गती मंदावते.

सर्वांनी एकच साधन वापरल्यास नवख्याला शिकविणे सोपे जाते. परंतु तशी सक्ती पूर्वीइतकी आवश्यक राहिलेली नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ या संकेतामुळे चूक दाखविणे, शब्द सुचविणे यांसारख्या सोयी अनेक साधनांत सारख्याच मिळू लागल्या आहेत.

समान काय असावे?

साधने भिन्न चालतील. नियम भिन्न चालणार नाहीत. मराठी मजकुराचेच पाहा. २०२२ मधील अठराव्या आवृत्तीपूर्वी जावा भाषेचे रूपांतर-साधन, स्पष्ट सूचना नसल्यास, त्या त्या संगणकाचा अक्षरसंकेत गृहीत धरी. परिणामी एकाच्या संगणकावर ‘गावाचे नाव’ शुद्ध उमटे, तर दुसऱ्याच्या संगणकावर बांधलेल्या आज्ञावलीत त्याच जागी निरर्थक चिन्हे येत. दोष भाषेचा नव्हता, की लिहिणाऱ्याचाही नव्हता. यूटीएफ-८ हा संकेत सर्वांसाठी लेखी ठरविला की ही अडचण टळते. मजकुराची मांडणी, ग्रंथालयांच्या आवृत्त्या, बांधणीच्या व चाचणीच्या आज्ञा हे सारे असेच साध्या फायलींत लिहून आज्ञावलीसोबत गिटसारख्या नोंदव्यवस्थेत ठेवणे अगत्याचे आहे.

कार्यालयांनी काय पाहावे?

भारत सरकारने २०१५ साली मुक्त स्रोत आज्ञावल्यांना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. परंतु मूळ आज्ञावली हाती असणे आणि ती उपयोगात आणता येणे यांत अंतर आहे. म्हणून काम स्वीकारताना एक साधी परीक्षा घ्यावी. चमूबाहेरच्या जाणकाराला कोरा संगणक व सुपूर्द केलेल्या फायली द्याव्यात. लेखी सूचना वाचून, एखाददुसऱ्या आज्ञेने त्याला आज्ञावली बांधता आली, तर काम कार्यालयाच्या खऱ्या अर्थाने ताब्यात आले. ‘हे अमक्याच्याच संगणकावर चालते’ असे उत्तर मिळाले, तर ते अद्याप त्या अमक्याच्याच ताब्यात आहे. ही अट निविदेतच घालता येते.

संगणक शिकविणाऱ्या शिक्षकांसाठीही यात बोध आहे. विद्यार्थ्याला कोणती कळ दाबावी हे अवश्य सांगावे. पण ती दाबल्यावर आत काय घडते, हेही एकदा त्याच्या हातून करवून घ्यावे. साधन बदलल्यावर त्याच्यापाशी उरते ते एवढेच ज्ञान.